सांगली-साताऱ्यातनं ऑडिशनला जाताय? आधी समोरचा किती लांब बसलाय ते बघा

आपल्याकडच्या पोरापोरींचा नेहमीचा प्रश्न असतो, ऑडिशनची तयारी कशी करायची, आणि त्यावर माझा उलटा प्रश्न असतो की कशाची ऑडिशन? कारण राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकासाठी वाचन द्यायला जाणं, मालिकेसाठी मोबाईलवर सीन शूट करून पाठवणं, बिस्किटाच्या जाहिरातीत नुसतं एक घास चावून खूश होणं आणि आकाशवाणीच्या स्टुडिओत माईकपुढं कागद घेऊन उभं राहणं, ह्या सगळ्याला अभिनयच म्हणतात पण तयारी एक नाही. फरक कशाचा, तर माझ्या मते सगळ्यात आधी अंतराचा. नाटकात तुमचं ऐकणारा शेवटचा माणूस पार मागच्या रांगेत असतो, कॅमेऱ्यात तो तुमच्या नाकापुढं असतो आणि माईकवर तर तुम्ही थेट त्याच्या कानात बोलत असता. आवाज किती लावायचा, चेहरा किती हलवायचा, हाताचं काय करायचं हे सगळं त्या अंतरावरनं ठरतं.

आता आपली खास अडचण. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून आपलं गाव नाटकाचं, नाट्यपंढरी म्हणवून घेतो आपण, दर ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात रंगभूमी दिन असतो, आणि शाळेच्या गॅदरिंगपासनं पोरांना एकच शिकवण, आवाज मागपर्यंत गेला पाहिजे. जातो की! मग तेच पोरगं मुंबईला मालिकेच्या ऑडिशनला जातं आणि दोन हातांवरच्या कॅमेऱ्याला पण बाल्कनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतं की आई मला तुझी फार आठवण येते. साताऱ्यात शाहू कलामंदिर गाजवून गेलेल्यांचंही तेच होतं. आणि हल्ली ह्याच्या बरोब्बर उलटी जमात पण आलीय, रील करून तयार झालेली, चेहरा मस्त चालतो पण नाटकाच्या वाचनाला बसवलं की तिसऱ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत नाही.

सीन हातात आल्यावर

बहुतेकजण पहिलं काम काय करतात तर हायलायटर काढून आपली वाक्यं पिवळी करतात आणि घोकायला बसतात. थांबा जरा. आधी सगळा सीन वाचा, आणि समोरच्याची वाक्यं तर दोनदा वाचा, कारण तुम्ही जे बोलता त्याचं कारण बऱ्याचदा त्याच्या वाक्यात दडलेलं असतं. मग एका कागदावर लिहून काढा की मी कोण, ह्याच्याशी माझं नातं काय, मला आत्ता ह्याच्याकडनं काय पाहिजे, सीन सुरू व्हायच्या आधी काय घडलंय आणि सीनमध्ये वारं कुठल्या वाक्याला फिरतं.

उदाहरणाला एक सीन धरू, पुढं पण हाच वापरतो. बाप रान विकायला निघालाय, कागद तयार आहेत, आणि पोरगा येऊन म्हणतो, "तात्या, मी सही करणार नाही." एवढंच वाक्य. आता ह्याला नुसतं 'राग' असं लेबल लावून टाकलं की संपलं, तुम्ही ओरडणार आणि तुमच्या आधीची चाळीस पोरंही तेच ओरडून गेलेली असणार. पण जर तुम्ही ठरवलंत की हा पोरगा उंबऱ्यात येईपर्यंत सही करायच्याच तयारीनं आला होता आणि तात्यांनी पेन पुढं करताना नजर चुकवली म्हणून त्याचं मन फिरलं, तर तेच वाक्य वेगळं येतं. ते कसं येतं हे तुम्हाला आधी ठरवावं पण लागत नाही.

पाठांतराबद्दल माझं ठाम मत आहे, चाल लावून पाठ करायचं नाही. सपाट पाठ करा, अगदी पाढे म्हणतो तसं, भाव बिव काही नको. भांडी घासताना म्हणा, गाडी पुसताना म्हणा, जिना चढताना म्हणा. वाक्यं तोंडात बसली की मग कोणाला तरी समोर बसवून सीन करा. चाल लावून पाठ केलं की काय होतं, दिग्दर्शक म्हणतो छान, आता हेच जरा हसत हसत कर, आणि तिथं गाडी अडते, कारण तोंडाला एकच सूर माहिती. आणि हे 'आता असं करून बघ' म्हणाले की पोरांचं तोंड उतरतं, वाटतं आपलं चुकलं. अहो उलट आहे! आवडलं नसतं तर थँक्यू म्हणून सोडलं असतं. ते बघतायत की तुम्हाला सांगितलेलं कळतं का आणि लगेच बदलता येतं का. म्हणून घरीच एक सीन तीन तऱ्हांनी करून ठेवायचा, एकदा चिडून, एकदा गंमतीत, एकदा काही झालंच नाही असं दाखवत.

मधेच विसरलात तर सॉरी म्हणून जीभ चावू नका, नाटकवाल्यांना हे सांगावं लागत नाही, तसंच पुढं रेटा किंवा शांतपणे मागच्या वाक्यावर या. शब्द इकडचा तिकडं झाला तर कोणी फाशी देत नाही.

स्वतःचा साठा

ऐनवेळी "काहीतरी करून दाखव" म्हणतात, त्यासाठी तीन-चार स्वगतं कायम तयार पाहिजेत. एक गंभीर, एक हलकंफुलकं, एक आपल्या बोलीतलं आणि एक हिंदी. प्रत्येक स्वगत एक मिनिटाचं, फार तर दीड मिनिटाचं, ह्यापुढं कोणी ऐकत नाही. दारुडा, वेडा आणि म्हातारा सम्राट टाइप रडारड, ह्या तीन गोष्टी कृपा करून घेऊ नका, ऑडिशन घेणाऱ्याला त्या सकाळपासनं झालेल्या असतात. आपल्या वयाचं पात्र घ्या, आणि असं घ्या की जे कोणाशी तरी बोलतंय, हवेत तत्त्वज्ञान सांगणारं नको. कुठनं मिळवायची? आपापल्या नगर वाचनालयात जाऊन एकांकिकांचे जुने संग्रह काढा, धूळ झटका, दुर्लक्षित राहिलेलं खूप सापडतं. स्वतः लिहून केलंत तरी चालतं, पण मग ते स्वतःचं आहे हे सांगू नका, नाहीतर लगेच लेखनावर चर्चा सुरू होते.

रोजचा रियाज म्हणून उच्चार. काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले हे वेगात म्हणून बघा, चटईला टाचणी टोचली हे म्हणून बघा. आपल्याकडं ण चा न होतो, पानी, लोनी, आनि, आणि श-स ची गल्लत होते. शब्दाचं शेवटचं अक्षर खायची सवय पण आहे आपल्याला. वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज मोठ्यानं वाचा, कंटाळवाणा असतो, पण जिभेला बरा.

नाटक

हौशी नाटकाची ऑडिशन म्हणजे खरं तर वाचन असतं. एखाद्या हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून बसायचं, संहितेची झेरॉक्स फिरते आणि सांगतात तू हा वाच. इथं लोक कागदात डोकं घालून वाचतात आणि आवाज कागदातच जातो. कागद छातीच्या उंचीला धरा, एका नजरेत अर्धं वाक्य उचला, डोकं वर करा आणि समोरच्याला सांगा. थंड वाचनाची, म्हणजे आधी न बघितलेलं पान थेट वाचायची, ही सवय पुढं टीव्हीला पण उपयोगी पडते.

आवाज तपासायचा सोपा मार्ग म्हणजे शाळेच्या ग्राउंडवर किंवा कृष्णेच्या घाटावर जायचं, मित्राला लांब उभा करायचा आणि आपला सीन म्हणायचा. त्यानं हात वर केला की समजायचं शब्द तुटतोय. ओरडायचं नाही हं, ओरडलं की घसा बसतो आणि शब्द पण फाटतो. श्वास पोटातनं घ्यायचा आणि वाक्याचा शेवट खाली सोडायचा नाही. "तात्या, मी सही करणार नाही" ह्यातलं 'नाही' मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर अर्थच उलटा की! स्टेजवर तुमचे पाय पण दिसतात, हे कॅमेऱ्याच्या पोरांना माहितीच नसतं, सारखे वजन एका पायावरनं दुसऱ्या पायावर टाकत राहतात. उभं राहायचं तर उभं राहा.

संगीत नाटकासाठी जात असाल, आणि संगीत नाटकं लिहिणाऱ्या गो. ब. देवलांचं हरिपूर आपल्या शेजारी असताना जायलाच पाहिजे खरं तर, तर आपली पट्टी, म्हणजे कुठल्या सुरात गाता ते, माहिती असू द्या. पेटीवाल्यानं विचारलं कुठल्या पट्टीत, तर काळी दोन का पांढरी चार हे पटकन सांगता आलं पाहिजे. एक पद बसवलेलं असू द्या, अख्खं नाही, मुखडा आणि एक अंतरा पुरे.

आणि अजून एक, हौशी दिग्दर्शक अभिनयाइतकंच हे बघत असतो की हा दोन महिने रोज संध्याकाळी तालमीला येईल का. एमआयडीसीत शिफ्ट असेल, कॉलेजची परीक्षा असेल, घरी जनावरांची धार काढायची असेल, तर पहिल्या दिवशीच सांगा. वेळेवर येणाऱ्या मध्यम नटाला भूमिका मिळते आणि गुणी पण गायब असणाऱ्याला मिळत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

दिल्लीचं एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा-टीव्ही शिकवणारी संस्था किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र इथल्या प्रवेशाचा मामला थोडा वेगळा आहे. तिथं तयार झालेला नट नको असतो, घडवता येईल असा माणूस शोधतात. दोन स्वगतं छान येतात एवढ्यावर भागत नाही, नाटकं वाचलेली पाहिजेत, मराठीच्या बाहेरची पण, आणि मुलाखतीत तुला हे का करायचंय ह्याला स्वतःचं उत्तर पाहिजे. लहानपणापासून आवड आहे हे उत्तर नाही. अर्जाच्या तारखा आणि अटी त्यांच्या त्यांच्या साईटवर बघा, मित्राच्या भावानं सांगितलेल्यावर जाऊ नका.

मालिका आणि सेल्फ टेप

मालिकेच्या प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये सीन बऱ्याचदा तिथंच हातात देतात, थोडा वेळ मिळतो, आणि मग आत बोलावतात. हे मुद्दाम असतं असं नाही, पण सेटवर तसंच चालतं, सीन गरमागरम छापून येतो आणि लगेच शूट. म्हणून पाठांतराचा वेग ही मालिकेची खरी परीक्षा. घरी सराव करायचा तर रोज एक अनोळखी पान घ्या, पंधरा मिनिटांचा टायमर लावा आणि मोबाईलपुढं उभे राहा.

आत गेल्यावर कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारा, फ्रेम कुठपर्यंत आहे? हा प्रश्न विचारला की त्यालाही बरं वाटतं आणि तुम्हाला कळतं की हात दिसतायत का नाही. छातीपर्यंत फ्रेम असेल आणि तुम्ही हात ओवाळत असाल तर पडद्यावर नुसती बोटं येऊन जाऊन करतात. चेहरा जवळनं दिसतो म्हणजे भुवई जरी वर गेली तरी ती मोठी घटना असते. आवाज, समोरचा माणूस खरंच जितका लांब आहे तितक्याच अंतराचा. आपलं "तात्या, मी सही करणार नाही" हे इथं जवळजवळ पुटपुटलं तरी चालतं, आणि कधी कधी तर बोलायच्या आधी पेनाकडं बघितलं त्यातच सगळं आलेलं असतं. समोरनं वाक्यं देणारा असिस्टंट असतो आणि तो सपाट वाचतो, जांभई देत वाचतो, त्याचा राग धरू नका. ऐका त्याचं. न बोलता ऐकत असतानाचा तुमचा चेहराच ते बघत असतात.

आता सेल्फ टेप, म्हणजे घरी शूट करून पाठवायची ऑडिशन. आपल्यासारख्या गावातल्यांना ही देणगी आहे हो, पूर्वी एका मिनिटाच्या ऑडिशनसाठी रात्रभर प्रवास करून अंधेरीला जावं लागायचं आणि नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आता बेडरूममधनं होतं. पण त्यामुळं लोक ते इतक्या गचाळपणे करतात की बघवत नाही.

मोबाईल आडवा. वेगळं सांगितलं असेल तरच उभा. मागचा कॅमेरा वापरा, ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद. ट्रायपॉड नसेल तर कपाटाच्या फळीवर डबे रचा पण कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे, खालनं शूट केलं की नाकपुड्या दिसतात. मागं साधी भिंत, कॅलेंडर नको, देवघर नको, वाळत घातलेले कपडे नकोत. उजेड तोंडावर, म्हणजे खिडकी तुमच्या समोर पाहिजे, पाठीमागं असली की तुम्ही काळे ठिक्कर. कपडे एकरंगी, बारीक रेघा आणि बारीक चौकडीचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो. पोलिसाची भूमिका आहे म्हणून गॅदरिंगच्या ड्रेसवाल्याकडनं खाकी भाड्यानं आणू नका, इस्त्रीचा शर्ट आणि ताठ पाठ पुरते.

आवाजाचं काय करायचं हा मोठा प्रश्न. पंखा बंद, कुकर बंद, फोन फ्लाईट मोडवर. सकाळी घंटागाडी गाणं लावून येते ती वेळ टाळा, आणि गळीत हंगामात तर उसाचे ट्रॅक्टर ज्या आवाजात गाणी लावून जातात त्यापुढं कुठलाही सीन टिकत नाही, तेव्हा रोडच्या बाजूची खोली सोडा आणि मागच्या खोलीत गादी बिदी उभी करून शूट करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, सामानाच्या खोलीत कमी घुमतो.

समोरची वाक्यं वाचायला कोणीतरी पाहिजेच, रेकॉर्ड करून लावू नका, टायमिंगची वाट लागते. बहीण, आई, मित्र कोणीही, त्याला मोबाईलच्या अगदी शेजारी उभा करा आणि हळू वाचायला सांगा, तो माईकच्या जवळ असतो म्हणून त्याचाच आवाज मोठा येतो. सीन करताना त्याच्याकडं बघायचं, लेन्समध्ये नाही. लेन्समध्ये बघायचं ते फक्त ओळख देताना. ओळखीत नाव, वय, उंची, राहायला कुठं, कुठल्या भाषा येतात, आणि मागितलं असेल तर डावी बाजू, उजवी बाजू, हाताचे पंजे. उंची खरी सांगा. लोक ओळख देताना एकदम बातम्या देणाऱ्यासारखे ताठ होतात, तसं नको, ती ओळख पण ऑडिशनच असते, बऱ्याचजणांचा निर्णय तिथंच होतो. दोन टेक चांगले झाले तर दोन पाठवा, सहा नको. मागं म्युझिक टाकू नका, स्लो मोशन तर नाहीच नाही.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि चेहरा पिठूळ दिसतो, डॉक्युमेंट म्हणून टाका किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि लिंक सगळ्यांना उघडेल अशी करून द्या, कास्टिंगवाला परवानगी मागत बसत नाही, पुढच्याकडं जातो. फाईलला नाव, वय, भूमिकेचं नाव, फोन नंबर. फोटो वेगळे, चार-पाच, साधे, आत्ताचे, गॉगल नको, लग्नातल्या फेट्यातला तर नकोच, एक जवळचा, एक कमरेपर्यंत, एक पूर्ण.

निवड जवळ आली की लुक टेस्ट होते, म्हणजे पात्राच्या कपड्यात-मेकअपमध्ये उभं करून बघतात, मग तारखा आणि पैशाचं बोलणं होतं. तेव्हा राहायचं कुठं, महिन्यातले किती दिवस, शिफ्ट किती तासांची हे विचारायला लाजू नका. टीव्हीत मानधन साधारण नव्वद दिवसांनी हातात येतं, म्हणजे पहिले तीन महिने स्वतःच्या खिशातनं काढायचे, हे घरी आधीच बोलून ठेवा.

सिनेमा, वेबसिरीज आणि आपली बोली

इथं तयारी कॅमेऱ्याचीच, फक्त आणखी शांतपणे. पूर्ण स्क्रिप्ट देत नाहीत, कधी कधी तर दिलेला सीन सिनेमात नसतोच, नुसता ऑडिशनपुरता लिहिलेला असतो, त्यामुळं कथेचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका. दिलेल्या पानावर जे आहे ते खरं करा.

बोलीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. एक काळ होता की 'शुद्ध' बोलता येत नाही म्हणून आपल्या पोरांना विनोदी नोकर नाहीतर पाटलाचा गुंड एवढंच मिळायचं. आता साताऱ्याच्या बोलीतल्या मालिका घराघरात चालल्या, शूटिंग सातारा-वाई पट्ट्यात होतं, आणि मुंबई-पुण्याचे नट 'लगा' आणि 'नव्हं का' शिकायला बघतात आणि फसतात, कारण त्यांना वाटतं शेवटी 'रं' लावला की झालं. तुमच्याकडं हे आयतं आहे. ते घालवू नका. पण तेवढ्यावर राहू पण नका, प्रमाण मराठी आणि बोली दोन्ही पाहिजेत आणि सांगितलं की लगेच बदलता आलं पाहिजे. घरी करून बघा, "तात्या, मी सही करणार नाही" आणि मग "तात्या, म्या काय सही करत नसतोय बघा", ह्यात नुसते शब्द बदलत नाहीत, पोरगा बदलतो, दुसऱ्यात जरा जास्त हट्टी होतो. आणि कोल्हापूरचं वेगळं, कराडचं वेगळं, जतचं तर कानडी वळणाचं आणखी वेगळं, ज्याला हा फरक करता येतो त्याची मागणी वाढते. सयाजी शिंदे आपल्या साताऱ्याजवळच्या वेळे-कामथीचे, तेलुगू सिनेमात त्यांनी केवढं काम केलंय बघा. गावाकडची जीभ आड येते हे मला मान्य नाही, आळशी जीभ आड येते.

उत्स्फूर्त काहीतरी करा, म्हणजे इम्प्रोव्ह, हे इथं फार करवून घेतात. दोघांना उभं करतात आणि सांगतात तू उसने पैसे मागायला आलायस, सुरू. आपल्या मातीत ही विद्या आहे, तमाशातली बतावणी म्हणजे दुसरं काय. कवलापूरच्या काळू-बाळू ह्या तमाशातल्या जोडीचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय की समोरच्यानं टाकलेला शब्द हवेतच झेलून परत कसा मारायचा. नियम एकच, समोरचा जे म्हणतो ते नाकारायचं नाही. तो म्हणाला काय मेव्हणे, तर तुम्ही मेव्हणे आहात, मी कुठं तुमचा मेव्हणा म्हणालात की खेळ खलास.

स्थानिक शूटिंगला एका दिवसाची, दोन वाक्यांची कामं निघतात. ती हलकी समजू नका, सेट कसा चालतो, मार्क (उभं राहायची ठरलेली खूण) म्हणजे काय, कंटिन्यूइटी (आधीच्या शॉटशी सगळं जुळणं) म्हणजे काय हे तिथं पगार घेऊन शिकायला मिळतं. गर्दीत उभं राहायचं काम मात्र एकदोनदा बघण्यापुरतं ठीक.

जाहिरात

हे सगळ्यात पटकन आटपतं. मुंबईतलं आरामनगर किंवा अंधेरीतलं कुठलंतरी ऑफिस, बाहेर बोळात तुमच्याच वयाची, तुमच्याच अंगलोटाची पोरं रांगेत, हातात नावाची पाटी, डावीकडं वळा, उजवीकडं वळा, आणि मग एक प्रसंग, की बायकोनं नवीन चहा दिला, पिऊन बघ आणि आवडलं. बास. संवाद असला तर बहुतेक हिंदी. इथं दारात गेल्या गेल्या सुद्धा 'नॉट फिट' म्हणतात आणि त्याचा तुमच्या अभिनयाशी संबंध नसतो, त्यांना फक्त चष्म्यातला पाहिजे असतो नाहीतर टक्कलवाला. मनाला लावून घ्यायचं नाही. रिकाम्या हातात कप धरायचा सराव मात्र खरंच करा, लोक अदृश्य कप धरताना मूठ आवळतात, मग चहा कुठं मावणार. आणि आधी त्याच प्रकारच्या दुसऱ्या कंपनीची जाहिरात केली असेल तर आधीच सांगा. काम मिळालं तर ही जाहिरात किती वर्षं आणि कुठं कुठं चालणार हे विचारून लिहून घ्या, पैसे त्यावर ठरतात.

माईक

ह्याकडं कोणी लक्ष देत नाही म्हणून इथं संधी बरी आहे. आपल्याकडं सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथं नाट्य विभागाच्या आवाज चाचण्या निघतात तेव्हा जाहीर करतात, रेडिओ ऐकत जा म्हणजे कळेल. माईकपासनं साधारण एक वीत अंतर, थोडं तिरकं, कारण प, फ, भ सरळ माईकवर बोललं की फट्ट असा आवाज येतो. कागद स्टेपल केलेले नकोत, सुटे पाहिजेत, पान उलटायचं नाही तर अलगद बाजूला सरकवायचं. हातात बांगड्या, खिशात किल्ल्या, करकरीत कडक कॉटन, सगळं बाहेर. चेहरा दिसत नाही म्हणून तो मेल्यासारखा ठेवू नका, ओठावर हसू असलं की ते ऐकू येतं. आपलं सहीचं वाक्य इथं म्हणायचं तर पेन दिसत नाही, तात्यांची नजर दिसत नाही, तेव्हा 'तात्या' नंतरचा थांबा किती ठेवायचा तेवढंच तुमच्या हातात आहे.

डबिंगला कानात मूळ आवाज, डोळ्यापुढं पडद्यावरचे ओठ आणि हातात मराठी ओळ, तिन्ही एकाच वेळी. घरी सराव करायचा तर एखादा सीन म्यूट करा आणि ओठ मिटतात तिथं प, ब, म येतील अशी वाक्यं बसवून बघा, मजा पण येते. ऑडिओबुकला दमसास लागतो, पहिल्या पानाचा आवाज विसाव्या पानाला पण तसाच राहिला पाहिजे.

जायचा दिवस

मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी पडते, मिरज, सांगली, कराड, सातारा सगळ्यांना, रात्री बसलं की सकाळी दादर. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीकडं आहे तेवढा वेळ धरा. ट्रॅव्हल्सच्या एसीत झोपलं की सकाळी घसा कोरडा आणि आवाज जाड, म्हणून उतरल्यावर कोमट पाणी, दहा मिनिटं गुणगुणणं, जीभ-जबडा हलवणं, लोक बघतात तर बघू देत. सीन करायचे कपडे अंगावर घालून प्रवास करू नका. पोटभर मिसळ खाऊन तर अजिबात जाऊ नका.

पैसे, पोरी आणि लहान मुलं

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, आर्टिस्ट कार्ड, आमच्याच फोटोग्राफरकडनं पोर्टफोलिओ, सिलेक्शन झालंय फक्त ड्रेसचे पैसे भरा, हे सगळे एकाच गल्लीतले लोक. सरकारी केंद्राच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या अर्जाची फी वेगळी, ती रीतसर पावती देऊन घेतात. कास्टिंगवाल्याचं कमिशन असलं तर काम मिळाल्यावर, मिळालेल्या पैशातनं. गावातल्या लॉजवर ऑडिशन ठेवली म्हणाले, रात्रीची वेळ दिली, एकटीनंच ये म्हणाले, कपडे काढून फोटो मागितले, तर विषय तिथंच संपवा आणि मेसेज डिलीट करू नका. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शूटिंगच्या सेटला पण लागू आहे. आई किंवा भाऊ बरोबर आला म्हणून कुठलाही धड माणूस नाक मुरडत नाही.

पालकांनो, लहान मुलांचं जरा नीट ऐका. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते आणि मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावी लागते. हे विचारलं म्हणून रोल जात असेल तर जाऊ द्या. आणि ऑडिशनला नेताना पोराला घरनं सगळे हावभाव शिकवून नेऊ नका, "बाळा इथं डोळे मोठे कर" वगैरे, त्यांना पोर पाहिजे असतं, तुमची कॉपी नको असते. गोष्ट समजावून सांगा, वाक्यं येऊ द्यात, बास.

झाल्यावर

रोज फोन करून "सर काय झालं" विचारू नका, झालं असतं तर त्यांनीच केला असता. एक वही ठेवा, त्यात तारीख, कुणासाठी, कुठला सीन, काय बदल सांगितले आणि अंगावर कपडे कुठले होते हे लिहा. कपडे कशाला, तर महिन्याभरानं कॉलबॅक, म्हणजे परत बोलावणं, आला की शक्यतो त्याच कपड्यात आणि त्याच केसात जायचं, कारण शेकडो टेप बघितलेल्या माणसाच्या डोक्यात तुम्ही नावानं नसता, 'तो निळ्या शर्टवाला' एवढेच असता. मधल्या काळात दाढी वाढवली असेल तर फोनवरच सांगा, आणि विचारा काढून येऊ का ठेवून.